कंपनी फिटिंग

"कलर मारून टाका साब. चार दिवसांत नवी करून देतो."

कोणी शनिवारवाड्याला डिस्टेंपर मारायला निघाल्यासारखा मी दचकलो. नाना पेठेतले हे म्हातारे मिस्त्री. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते. त्यांच्यासमोर आमची लूना एका वेताच्या म्हशीसारखी मान खाली घालून उभी होती.

"चाचा, मला ती नवी नको आहे. जुनीच हवी आहे. फक्त स्वच्छ."

चाचांनी आधी माझ्याकडे, मग लूनाकडे पाहिलं. दोघांपैकी जास्त काम कोणावर करावं लागेल याचा अंदाज घेत असावेत.

लूना अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली, इटलीतल्या पियाजिओच्या 'चाओ' या मोपेडवरून बेतलेली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, आणि सायकलसारखी पायडलं. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावला, की ती येईपर्यंत घरात एखादी मुंज होऊन जायची. अण्णांना तेवढा धीर नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते. त्यांनी १९७४ मध्ये लूना घेतली. पुढे मी उभा, मध्ये अण्णा, कॅरिअरवर आई, आईच्या मांडीवर भाजीची पिशवी, असे आम्ही सारसबागेला जायचो. चढ आला की अण्णा पायडल मारायचे, आई उतरायची आणि आमच्या पुढे चालत जायची. १९९७ साली लूना जिन्याखाली गेली, तिच्यावर गोणपाट आलं, गोणपाटावर गणपतीची आरास आली, आणि आरासीवर घरातल्या कोणालाच ओळखू न येणाऱ्या वस्तू आल्या.

या वर्षी जिना आवरताना ती सापडली, आणि मला ओरिजनल गाड्यांचं वेड लागलं. या पंथाचा नियम असा, की गाडी पुन्हा नवी करता येते, पण ओरिजनल ती एकदाच असते. म्हणून घाण काढायची, वय काढायचं नाही. ऐकायला हे सोपं आहे. पण घाण कुठे संपते आणि वय कुठे सुरू होतं, हे लूनावर लिहिलेलं नव्हतं.

पहिली अडचण हेडलाइटवर आली. तिथे पन्नासएक दसऱ्यांपैकी निम्म्यांचं कुंकू सुकून बसलं होतं. ही घाण की वय? बायको म्हणाली, "अहो, फडकं ओलं करा आणि पुसा." मी तिला समजावलं, की हा थर पुरातत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "मग ओट्यामागच्या टाइल्सवरही आहे. तिथेही तिकीट लावा." शेवटी काचेवरचं कुंकू पुसलं आणि कडेच्या रिंगवरचं ठेवलं. त्यामुळे लूना एका बाजूने पुसलेल्या कपाळाची दिसू लागली.

मग क्रोम. हँडल आणि रिमवर गंजाचे ठिपके होते. चाचा म्हणाले, "निकेल मारून आणतो." मी नाही म्हटलं. क्रोमवरचा वरवरचा गंज काढायला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडा पडत नाही. हे ज्ञान मिळाल्यापासून आमच्या घरातल्या पोळ्या उघड्या डब्यात जाऊ लागल्या. मुलगी एक दिवस ऑफिसातून फोन करून विचारत होती, की पोळीला कर्कश आवाज का येतोय. पण हँडल असं चमकलं, की त्यात मला माझा चेहरा दिसला. तोही साफ करायला हवा होता, पण तिथे फॉइल चालत नाही.

टाकीत पेट्रोलच्या जागी गंजाची चटणी होती. तिच्यात मूठभर नटबोल्ट टाकून टाकी हलवायची, मग व्हिनेगर भरून दिवसभर ठेवायची, ओतायची, खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा, वाळवायची आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज परत हजर. पाच लिटरच्या कॅनमधलं व्हिनेगर, एक किलो सोडा आणि नटबोल्टांचा खुळखुळाट. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा विचारून गेल्या, की लोणच्याची ऑर्डर घेता का.

कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते. अगदीच अडलं तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार, तीही हलक्या हाताने. अण्णा मात्र आईच्या अंबाड्यातली पिन वापरायचे. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये काजळी साठते, ती जाळून काढावी लागते. अण्णा सायलेन्सर थेट आंघोळीच्या बंबात घालायचे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी आमच्या घरातल्या सगळ्यांना टू-टी ऑइलचा वास यायचा, आणि सोमवारी वर्गात माझ्या बाकावर मला ऐसपैस जागा मिळायची.

पण या सगळ्याचा मुकुटमणी होता तो रंग. गडद निळा. मला आठवतं तेव्हापासून ती निळीच. तेव्हा हा कारखान्यातला मूळ रंग, यात मला शंका नव्हती. थिनर नाही, पॉलिश पेपर नाही, कंपाउंडसुद्धा नाही. कोमट पाणी, बाळाचा साबण आणि जुन्या धोतराचं फडकं. सहा रविवार मी तो रंग एका वेळी तळहाताएवढा असा पुसला. मुलीला मी लहानपणी एवढ्या प्रेमाने आंघोळ घातली नव्हती, असं तिच्या आईचं निरीक्षण आहे.

चौथ्या रविवारी चेनकव्हरवर मला रंगात रुतलेला एक केस सापडला. मी शहारलो. पन्नास वर्षांपूर्वी कोणा कामगाराने हा भाग हाताने रंगवला असणार! चाचांना मुद्दाम बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"साब, ये कंपनीचा कलर नाय वाटत."

"चाचा, त्या काळी हातानेच रंगवत."

"नंबरप्लेटच्या मागे बघा. लाल दिसतोय."

"तो रेड ऑक्साइड. प्रायमर."

चाचांनी पान तोंडात टाकलं आणि विषय संपवला. अनुभवी माणसं गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत, ती त्याची वाट बघतात.

दरम्यान मी सरकारी बाजूही वाचून काढली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या आणि सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या दुचाकीला आणि चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. एवढ्या पैशांत अण्णांनी लूनांची वरात काढली असती. शिवाय अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. बायकोने हे वाचून विचारलं, "म्हणजे दुरुस्तीला नेण्यासाठी न्यायची, आणि पेट्रोल भरण्यापुरतं पेट्रोल भरायचं?" मला उत्तर सुचलं नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, २०२४ पासून इलेक्ट्रिक लूना मिळते." मी त्याच्याकडे, देवघरात एलईडीची समई आणणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

सातव्या रविवारी काम संपलं. दोन महिने बहिणीकडे असलेली आई त्याच दिवशी परतली. मी तिला खुर्ची दिली आणि फडकं बाजूला केलं.

आईने लूनाला डोक्यापासून चाकापर्यंत पाहिलं. "छान घासलीस," ती म्हणाली. "पण तो कपाटाचा रंग का ठेवलास?"

"कुठल्या कपाटाचा?"

"दुभत्याच्या. तुझ्या बारशाआधी घर रंगवलं ना, तेव्हा अर्धा डबा उरला होता. गाडी आधी लाल होती. यांना ऑफिसात सगळे 'आली पोस्टाची पेटी' म्हणायचे. म्हणून एका रविवारी अंगणात बसून ह्यांनी स्वतःच रंगवली. रंगवताना ब्रशचे केस गळत होते, ते एकेक काढत शिव्या देत होते. सगळे निघाले नसतील."

मी स्वयंपाकघरात गेलो. दुभत्याचं कपाट जागेवर होतं. गेली चाळीस वर्षं मी रोज सकाळी त्याला टेकून चहा पितो. निळं. गडद.

म्हणजे सहा रविवार, बाळाचा साबण आणि अण्णांचं धोतर खर्चून मी जिवापाड जपला तो उरलेला ऑइलपेंट. आणि ज्याला प्रायमर म्हणून हिणवलं तो कारखान्याचा अस्सल रंग. पंथाच्या नियमाप्रमाणे आता एकच मार्ग होता. निळा थर उतरवून खालचा लाल बाहेर काढणं. चाचांना फोन केला. ते तासाभरात थिनरचा डबा घेऊन आलेसुद्धा. वाट बघणं संपलं होतं.

"उडवू, साब?"

मी लूनाकडे पाहिलं. लाल लूना कारखान्यातून हजारोंनी निघाल्या असतील. पोस्टाची पेटी म्हणवून घ्यायला नको म्हणून कपाटाच्या रंगात न्हालेली मात्र एवढीच.

"राहू द्या, चाचा."

आई म्हणाली, "तो डबा माळ्यावर असेल बघ. ह्यांनी काही टाकलंय का कधी?"

डबा होता. आतला रंग दगड झाला होता, आणि त्या दगडात ब्रश उभा रुतला होता, विरळ, अर्धा टकला. हातोडीने हलके ठोके देत चाचांनी तो सोडवला. मी फडक्याने पुसला आणि लूनाच्या टूलबॉक्समध्ये पान्याशेजारी ठेवला.

"ये कायको?" चाचांनी विचारलं.

"कंपनी फिटिंग आहे," मी म्हटलं.