उतारूंसाठी सूचना : मुक्काम ब्रिजटाऊन

बोट सकाळी आठला ब्रिजटाऊनच्या धक्क्याला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. तेवढ्या वेळात बार्बाडोस नावाचा अख्खा देश उरकायचा आहे. देश 34 किलोमीटर लांब आणि 23 रुंद, त्यामुळे तसं अवघड काही नाही. पण आपल्याबरोबर तीन कुटुंबं, दोन सासवा आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे हे गृहीत धरूनच पुढचं वाचावं.

आधी कपडे. हिरव्या-तपकिरी छापाची, सहा खिशांची, मिलिटरी थाटाची थ्री-फोर्थ प्रत्येक काकांकडे असते. परदेशात घालायची म्हणून ती मुद्दाम घेतलेली असते. ती केबिनमध्येच राहू द्यावी. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या कुणी तसला छाप अंगावर घालणं हा गुन्हा आहे, आणि नातवाच्या टोपीलाही त्यातून सूट नाही. "अहो, ही तर दादरच्या फुटपाथवर घेतलीय," हा बचाव तिथल्या पोलिसांपुढे चालल्याचं ऐकिवात नाही.

नाश्त्याच्या बुफेतून कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये सरकवलेली केळी धक्क्यावर उतरण्याआधी खाऊन टाकावीत. ताजी फळं बोटीवरून खाली नेता येत नाहीत. "पैसे भरलेत आपण" हे तत्त्व कितीही उदात्त असलं, तरी जिन्याच्या तोंडाशी ते संपतं.

घड्याळाचं मात्र गंभीरपणे घ्यावं. काही बोटी सफरभर फ्लोरिडाची वेळ पाळतात, आणि हिवाळ्यात बार्बाडोस त्याच्या एक तास पुढे असतं. गावातलं घड्याळ बघून परतलात तर तासभर आधीच धक्क्यावर हजर व्हाल. ज्या समाजात आठच्या गाडीसाठी साडेसहाला फलाटावर बसतात, त्याला यात नवीन काही नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलला मात्र उन्हाळ्यात हाच हिशेब उलटा होतो. तिथे गावाचं घड्याळ तासभर मागे, आणि तिथेच माणसं राहून जातात.

बंदराबाहेर पडताच टॅक्सीवाले भेटतील. इथे मराठी माणूस हमखास एक चूक करतो, ती म्हणजे थेट "हाऊ मच?" विचारणं. बार्बाडोसमध्ये आधी "गुड मॉर्निंग" म्हणतात. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, पत्ता विचारताना, सगळीकडे. न म्हणणारा माणूस उर्मट ठरतो आणि भावही त्याच हिशेबाने सांगितला जातो. टॅक्सीला मीटर नसतो. आकडा ठरला की तो कुठल्या डॉलरचा हेही विचारून घ्यावं, कारण दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. त्यानंतर मनातल्या मनात रुपयांत भाषांतर करायचं नाही. करणाऱ्याला उरलेला दिवस घामच फुटतो.

आपण भारतीय आहोत हे कळताच ड्रायव्हर क्रिकेट काढेल. 1983 चा विषय आपणहून काढू नये. वाडेकरांचा 1971 चा संघ, गावसकरांच्या 774 धावा आणि सरदेसाईंच्या 642 एवढं भांडवल पुरतं. पाहुणा वडीलधाऱ्यांचं नाव काढतोय, म्हटल्यावर समोरचाही खूश होतो.

मग केन्सिंग्टन ओव्हल. बंदरापासून चालत जाता येतं. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, त्याच्याबरोबर फोटो काढायचाच. बॅट कशी धरायची हे त्या पुतळ्याला समजावून सांगण्याचा मोह मात्र आवरावा. याच मैदानावर 29 जून 2024 ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक घेतला आणि बोरिवलीच्या रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं. आता दर क्रूझमधला एक तरी मेहुणा त्या गवतासाठी आत शिरू बघतो. त्याला दंडाला धरून बाहेर आणावं. सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल फुटपाथवर करून दाखवायला हरकत नाही, चेंडूऐवजी पाण्याची बाटली चालते. फक्त रस्त्याकडे पाठ करू नये.

या आनंदात थोडा उतारा हवा असेल तर आणखी दोन गोष्टी आठवाव्यात. 1997 साली इथेच 120 धावा करायच्या होत्या आणि सचिनचा संघ 81 वर आटोपला. आणि 1962 च्या दौऱ्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला इथेच लागला. प्राण वाचले, कसोटी कारकीर्द संपली. त्यांना रक्त देणाऱ्यांत विंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. हॉल आणि ग्रिफिथ यांच्या नावाचा स्टँड आत आहे, तसाच वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघांच्या नावाचाही. तेवढा वेळ मेहुण्याने गप्प बसावं.

गावात जुनं माहितीपत्रक घेऊन फिरणारे नेल्सनचा पुतळा शोधतात. 1813 साली बसवलेला तो पुतळा नोव्हेंबर 2020 मध्ये हलवला. वर्षभराने, 30 नोव्हेंबर 2021 ला, देशाने इंग्लंडच्या राणीलाही राष्ट्रप्रमुखपदावरून निरोप दिला. आता फोटो कुणाबरोबर काढायचा ते ज्याचं त्याने बघावं.

दुपारी समुद्र. कार्लाइल बेला जाण्यासाठी झेडआर व्हॅन घ्यावी. हे तिथलं वडाप आहे, फक्त गाणी जास्त जोरात. "बसा, बसा, जागा आहे" हे कुठल्या भाषेत म्हणतायत हे न कळताही कळतं. पाणी निळं, नितळ, आत कासवं पोहतात. सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून घोट्याइतक्या पाण्यात उभं राहणं हा आपल्याकडचा मान्यताप्राप्त जलक्रीडाप्रकार आहे, त्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

मात्र सावली बघून चटई अंथरायची सवय इथे जिवावर बेतू शकते. बार्बाडोसच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. पानं तुकतुकीत, फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखं, वासाला गोड. फळ विषारी. चीक अंगाला लागला की फोड येतात, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तर टपकणाऱ्या पाण्यानेसुद्धा. बऱ्याच झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा रंगवलेला असतो. हा शेंदूर नव्हे. सासूबाईंना हे वेळेत सांगावं, नाहीतर त्या हात जोडून पुढे होतील आणि प्रसाद म्हणून फळ उचलतील.

जेवायला कुकू, म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला प्रकार. त्याबरोबर उडता मासा. शाकाहाऱ्यांनी कुकू मागवताना रस्सा कशाचा आहे ते विचारावं. पिवळी, मोहरी घातलेली मिरचीची चटणी समोर आली की "आम्ही कोल्हापूरचे" असं म्हणू नये. म्हटलं की बाटली पुढे सरकते, आणि मग माघार घेता येत नाही.

खरेदी ब्रॉड स्ट्रीटवर. हिरे बघावेत, फ्रिजचं मॅग्नेट घ्यावं. माउंट गे रमचा इतिहास 1703 पर्यंत मागे जातो. बाटली घेतली तरी बोटीवाले ती चढतानाच ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात, तेव्हा संध्याकाळचे बेत आखू नयेत.

बोटीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वस्तात पडली म्हणून ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून साडेचारच्या आत वर येऊन, चहा घेऊन, धक्क्याच्या बाजूचा कठडा पकडावा. या बंदरातला सर्वांत चांगला कार्यक्रम आता सुरू होतो : पिशव्या सांभाळत, चपला हातात घेऊन धावत येणारे उशीरकर. सगळं डेक टाळ्या वाजवतं, आपणही वाजवाव्यात. त्यांत आपल्यापैकी कुणी ओळखू आलं तर जोराने हाक मारावी, आणि त्यांच्या केबिनची किल्ली व चिवड्याचा डबा कुणाकडे आहे याची लगोलग चौकशी करावी.