अकलेच्या तारा

वसईत नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींच्या भिंती मोठ्या चोखंदळ असतात. पावसाळ्यात ओल त्यांच्यातून आरपार जाते, वाय-फाय मात्र जात नाही. आमचा राउटर हॉलमध्ये, मी मागच्या बेडरूममध्ये आणि मध्ये दोन भिंती नि लग्नात मिळालेलं लोखंडी कपाट. घरून काम करायची मुभा मिळाली, विरार लोकलमधून सुटलो म्हणून मी पेढे वाटले. पण मीटिंगमध्ये माझं वाक्य ‘मला असं वाटतं की’ इथवर पलीकडे पोचायचं आणि पुढे मला काय वाटतं ते फक्त कपाटाला कळायचं. वर्षअखेरीस साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, मी थोडक्यात आणि मुद्द्याचं बोलतो. माझ्या नोकरीतली ही एकमेव शाबासकी.

घराचं काम काढलं तेव्हा हिला नवा ओटा हवा होता, आईला कमोड आणि चिरंजीवांना खोलीला आतून कडी. मी जाहीर केलं, भिंतीतून नेटवर्कची वायर न्यायची. बिचाऱ्यांना वाटलं, टीव्हीचं काहीतरी असेल.

मग मी अभ्यासाला बसलो. माझा अभ्यास हा आमच्या घरात काळजीचा विषय असतो. कॅट फाइव्ह-ई वायर 100 मीटरपर्यंत सेकंदाला 1 गिगाबिटचा वेग देते, कॅट सिक्स साधारण 55 मीटरपर्यंत 10 गिगाबिट आणि कॅट सिक्स-ए तोच वेग पुरते 100 मीटर. हे कळल्यावर सिक्स-एच्या खाली उतरायला माझं मन तयार होईना. मेव्हणा संगणकाच्या धंद्यातला. तो म्हणाला, “भावोजी, शंभर मीटरमध्ये तुम्ही बाल्कनीतून निघून नाक्यावरचा वडेवाला गाठाल.” तो रस्ता माझ्या पायाखालचा असल्यामुळे मी मुकाट कॅट सिक्सवर आलो.

वायरमन तरुण, हुशार आणि घाईत. “लाइटच्याच पाइपातून ओढून देतो, साहेब,” म्हणाला. आता, विजेची आणि डेटाची वायर एका पाइपात घालू नये हे खरंच आहे. पण ते एका वाक्यात सांगून थांबेन तर तो मी कसला? मी त्याला सांगितलं की या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीला पीळ असतो, बाहेरचा खरखराट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जायला नको. आणि ही पिळाची युक्ती मुळात टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, 1881च्या पेटंटमधली. भिंतीला झिरी मारणारा कटर थांबला होता. हवेतली धूळही खाली बसली. वायरमनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बेलचा पॉइंट दरवाज्याजवळ दिलाय, साहेब.”

दुसरी झिरी मारली गेली, वेगळा पाइप बसला. या प्रकरणात तेवढं एक माझं बरोबर होतं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

वायर वसईतच मिळत होती, स्टेशनजवळ, पक्क्या बिलासकट. पण ज्याला होळी बाजारात मेथीच्या जुडीवर आजवर रुपया सुटलेला नाही, त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आपण घासाघीस करू असं का वाटावं, हे एक कोडंच आहे. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं डॉ. भडकमकर मार्ग असं नामांतर होऊन जमाना लोटला, पण स्वस्त वायर शोधणाऱ्याला तो जुन्याच नावाने सापडतो. मला लागणार होती जेमतेम पन्नास मीटर. मी घेतला अख्खा खोका, 305 मीटरचा, म्हणजे हजार फुटांचा, कारण मीटरमागे तो स्वस्त पडत होता.

परतीला मुंबई सेंट्रलहून विरार फास्ट. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल सुटली, तेव्हापासून या गाडीत खोका घेऊन चढणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघत आले असतील, तीच नजर चुकवत मी लगेजच्या डब्यात शिरलो. बोरिवलीला खोका खांद्यावर घेतला, भाईंदरची खाडी ओलांडली तरी दम लागला नाही. रिकामी टोपली घेऊन घरी निघालेल्या एका मावशींनी बसायला जागा करताना तो पायाने सहज सरकवला आणि विचारलं, “काय रे दादा, थर्माकोल नेतोस काय?” मी मनातल्या मनात स्वतःच्या दंडांना शाबासकी दिली.

घरी हिने खोका उचलला आणि लगेच खाली ठेवला. “अहो, हलका आहे हो.” ही बाई तांब्याचा हंडा घेताना दुकानातल्या काट्यावर विसंबत नाही, हातात तोलून बघते. मी तिला समजावलं, तंत्रज्ञान पुढे गेलंय, हल्ली सगळंच हलकं होत चाललंय. वायर पाइपात गेली, पाइपावर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर हिने पसंत केलेला रंग.

पुढे टोकाला कनेक्टर बसवायची वेळ आली तेव्हा तारा पटापट मोडायला लागल्या. मेव्हण्याने त्यातली एक भाजीच्या सुरीने खरवडली. वर तांबूस, आत पांढरीशुभ्र. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही अ‍ॅल्युमिनियम भरत नाही, वीज त्यातून रडतखडत जाते, दोनदा वाकवलं की तुटतं. “याला सीसीए म्हणतात, भावोजी.” अक्षरं ओळखीची वाटली. ती खोक्यावर छापलेली होती. आयएसआयसारखी हमीची खूण असेल अशा समजुतीने दुकानात मीच त्यांच्यावर बोट ठेवून माल अस्सल असल्याची खात्री करून घेतली होती. दुकानदार हसला होता. मला तो मनमिळाऊ वाटला.

पाइप वेगळा होता म्हणून भिंत वाचली. जुन्या वायरीच्या शेपटाला खऱ्या तांब्याची नवी वायर बांधून वायरमनने ती ओढून घेतली. नवी वायर अर्थात स्टेशनजवळची, पक्क्या बिलासकट. माझ्या खोलीत ती सुखरूप आली. चिरंजीवांच्या खोलीकडच्या बेंडमध्ये मात्र शेपूट तुटलं आणि माझं अ‍ॅल्युमिनियम तिथेच राहिलं. तिकडची वायर आता चौकटीवरून क्लिपा मारून जाते. नव्या रंगावरून.

टोकं मात्र मीच लावणार म्हटलं. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. अंगठ्याखाली आठही जणी दाबून सरळ कराव्यात आणि कनेक्टरमध्ये सारायला जावं, तर मोदकाच्या कळ्यांसारखी एक मिटली की दुसरी उघडते. त्यात चष्मा नसला की नारिंगी-पांढरी आणि तपकिरी-पांढरी सख्ख्या बहिणी. मी एका टोकाला ‘बी’ पद्धतीचा क्रम लावला आणि दुसऱ्याला ‘ए’. तरी चाललं, कारण माझ्यासारखी माणसं गृहीत धरून हल्लीची यंत्रं उलटसुलट जोडणी आपली आपण ओळखतात. तपकिरी तार आतपर्यंत पोचलीच नव्हती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोनच जोड्यांवर भागवायचं तर वेग 100 मेगाबिटवर येतो. तसा तो आला. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बाहेरून घेतलेला आमचा प्लॅनच 100 मेगाबिटचा आहे.

“बाबा, ही वायर मोबाइलला कुठे लावायची?” चिरंजीवांनी विचारलं. मेव्हण्याने वायरीच्या टोकाला त्याचा जुना राउटर टांगून दिला आणि वाय-फाय कपाटाच्या अलीकडे आलं. आता माझी वाक्यं शेवटपर्यंत पोचतात. साहेब परवा म्हणाले, “हल्ली तुम्ही फार बोलता.”

उरलेला खोका माळ्यावर पडून आहे. सोसायटीला कॅमेरे बसवायचे आहेत आणि इमारतीत या विषयातला जाणकार एकच, असं सर्वानुमते ठरून समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं आहे. त्या कॅमेऱ्यांना वीजही त्याच वायरीतून जाते, तेव्हा तिथे शुद्ध तांबंच हवं, असं मी ठणकावून सांगणार होतो. पण सेक्रेटरी कागदावर सही घ्यायला घरी आले, तोवर हिने साफसफाईसाठी खोका खाली काढून ठेवलेला. त्यांनी तो एका हाताने उचलला.

“अरे वा! वजनाला किती सुटसुटीत आहे! कुठून आणलात हो?”