शो आत्या ऑल

नव्वदच्या दशकात मी पुण्यात एका मशीन रूममध्ये रात्रपाळी करायचो. डिजिटल कंपनीची व्हॅक्स यंत्रं आणि त्यांना एकमेकांशी बोलतं ठेवणारं डेकनेट. १९५७ साली अमेरिकेत मेनार्ड गावच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झालेली ती कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने गिळली. डेकनेटची आज्ञाभाषा, एनसीएल, माझ्या डोक्यातून मात्र अजून जात नाही.

एनसीएलच्या लेखी जगात जे आहे ते सगळं 'एन्टिटी'. नोड ही एन्टिटी, तिच्या पोटात राउटिंग, राउटिंगच्या पोटात सर्किट. 'शो नोड झिरो ऑल' म्हटलं की आपण बसलोय तेच यंत्र स्वतःची कुंडली मांडतं. (स्वतःला शून्य म्हणवून घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.) कुंडलीत घरं चार. आयडेंटिफायर म्हणजे नावगाव. कॅरॅक्टरिस्टिक्स म्हणजे स्वभाव. स्टेटस म्हणजे आत्ता काय चाललंय. काउंटर्स म्हणजे आजवर काय काय झालं. बदल करणाऱ्या 'सेट'ची मात्रा फक्त स्वभावावर चालते, तीही सगळ्यावर नाही. काही गुण तर ती वस्तू आधी 'डिसेबल' केल्याशिवाय हातच लावू देत नाहीत.

हे शिकताना मला सारखी वाईची आत्या आठवायची. तिचं स्टेटस कधीही विचारा, "बरी आहे." खरा ऐवज काउंटर्समध्ये. डेकनेटच्या जुन्या आवृत्तीत, फेज फोरमध्ये, 'झिरो' म्हटलं की मोजण्या पुसल्या जायच्या. एनसीएलवाल्या नव्या फेज फाइव्हमध्ये ती सोय काढून टाकली. आकडा वाढतच राहणार, आणि त्याच्याच पंगतीला त्या वस्तूच्या जन्माची वेळ बसलेली असणार, कारण कधीपासून मोजलं हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आत्याचं हेच शास्त्र. "तू येतच नाहीस" असलं मोघम ती कधी बोलली नाही. "तुझ्या लग्नापासून चारदा आलास. त्यात एकदा छत्री विसरला होतास म्हणून." यंत्र निदान वेळेच्या शेपटीला आपलं घड्याळ किती चुकत असेल तेही लिहायचं, आणि आमच्याकडे तिथे बहुतेक वेळा 'अनंत' असायचं. आत्याच्या घड्याळाला तसली शेपूट नव्हती.

एका पावसाळ्यात आत्या अंगणात घसरली आणि दोन महिने अंथरुणाला खिळली. वाईट वाटलंच, पण आम्हा भाचरंडांना हेही दिसलं की वस्तू डिसेबल आहे, काय सेट करायचं ते आत्ताच. पाटा-वरवंटा मागच्या पडवीत गेला, ओट्यावर मिक्सर आला. कोळशाच्या शेगडीलाही निरोप दिला. आत्या पडल्यापडल्या बघत होती. काही बोलली नाही.

आता एनसीएलमधली एक गोम सांगायची राहिली. फेज फोरमध्ये 'सेट' तात्पुरतं आणि 'डिफाइन' कायमचं, असे दोन वेगळे शब्द होते. फेज फाइव्हमध्ये कायमची वही अशी नाहीच. यंत्र सुरू होताना स्क्रिप्टच्या फायली वाचतं आणि त्यांत लिहिलंय तसं स्वतःला घडवतं. तुम्ही मध्यरात्री कितीही सेट करा, स्क्रिप्ट बदलायला विसरलात तर सकाळच्या रीबूटला सगळं मूळपदावर. मी दोनदा विसरलो होतो. दोनदाच, मोजलंय.

दिवाळीला वाईला गेलो. दारातच चटणीचा वास आला आणि आतून दगडावर दगड घासल्याचा आवाज. मिक्सर खोक्यात घालून, सुतळीने बांधून, पडवीत ठेवला होता.

"ये," आत्या वरवंटा न थांबवता म्हणाली, "पाचवी खेप."