प्रस्तावित शाळेपासून पाच मिनिटांवर

यवतमाळातले समस्त ले-आऊटवाले भाऊ यांस,


पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण तुमचंही सगळं जाहीरच असतं, चौकाचौकातल्या फ्लेक्सवर. दारव्हा रोड घ्या, आर्णी रोड घ्या, धामणगाव रोड घ्या की पांढरकवडा रोड. गाव संपलं म्हणेपर्यंत तुमची कमान येते, आणि आत पऱ्हाटी उपटलेल्या काळ्या रानात चुन्याच्या रेघा. आधी आभार मानतो. शिक्षणाचं महत्त्व पटवायला जिल्हा परिषदेला प्रभातफेऱ्या काढाव्या लागल्या. पट टिकवायला गुरुजी अजूनही जून उजाडला की घरोघर फिरतात. तुम्ही तेच महत्त्व चौरस फुटाच्या भावात बसवून दाखवलंत. एकही फेरी न काढता.

'एनए, टीपी मंजूर. पूर्वमुखी प्लॉट. बँक लोनची सोय. सीबीएसई स्कूल ५ मिनिटं.' पूर्वी या शेवटच्या ओळीत बसस्टँड असायचा, नाहीतर दवाखाना. अंतर किलोमीटरमध्ये असायचं. आता ते मिनिटांत असतं, आणि कोणत्या वाहनानं, किती वाजता मोजलं हे तुम्ही गुलदस्त्यात ठेवता. सकाळी साडेसातला स्कूल व्हॅनच्या मागे दुचाकी घालून एकदा मोजा, एवढंच सुचवतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली, अख्खं शहर टँकरमागे धावलं. तेव्हा मला वाटलं होतं, यापुढे यवतमाळकर प्लॉट बघायला गेला की पहिला प्रश्न पाण्याचा करील. तो पाण्याचं विचारतो, नाही असं नाही. पण शाळेचं विचारून झाल्यावर.

गेल्या महिन्यात मुलगा आणि सून तुमच्यापैकी एकाच्या साइटवर गेले. मागच्या सीटवर मी. टेबलावर थंड पाण्याच्या बाटल्या, चिवडा आणि गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक. मुलानं भाव विचारला, सुनेनं शाळा विचारली. भाव सांगताना तुमच्या माणसानं जरा आढेवेढे घेतले, शाळेला मात्र बोट तडक नकाशावर. "शाळा इथंच येऊन राहिली ना ताई, ले-आऊटच्या आतच." बोटाखाली हिरवा चौकोन होता आणि त्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रस्तावित'. कोणाची शाळा, मी विचारलं. "मोठ्या संस्थेसोबत बोलणं चालू आहे काकाजी." बोलणं चालू असलेल्या चौकोनाला लागून असलेल्या प्लॉटचा भाव चढा होता. म्हणजे मास्तर नाही, फळा नाही, घंटा नाही, आणि तरी शाळेचा परिणाम सुरू.

त्या नकाशात आणखीही बरंच काही होतं. पेट्रोल पंप, मंदिर, हॉस्पिटल, लोहाऱ्याची एमआयडीसी, होऊ घातलेल्या वर्धा-नांदेड रेल्वेची ठिपक्याठिपक्यांची रेघसुद्धा. नव्हती ती फक्त एक शाळा, जिच्यासमोर आम्ही गाडी लावली होती. जिल्हा परिषदेची प्राथमिक, कौलारू, दोन खोल्यांची; भिंतीवर पाढे रंगवलेले, पडवीत पोषण आहाराची खिचडी शिजत होती. तुमच्या ले-आऊटच्या कुंपणाला तिचं कुंपण भिडलेलं आहे. तिथं पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत, तारेतून वाकून गेलं तर अर्धं मिनिट. नकाशात त्या जागी पांढरा कागद.

तुम्हाला दोष देत नाही. धंदा जगभर असाच चालतो, आणि त्याचं शास्त्रही आहे. सँड्रा ब्लॅक या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंचा १९९९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी बोस्टनच्या उपनगरांतली घरं निवडली. शाळेच्या हद्दीची रेघ जिथून जाते तिथली, रेघेच्या अलीकडची नि पलीकडची. वस्ती तीच, शेजार तोच, फक्त शाळा वेगळी. जिथल्या शाळेचे चाचणीतले गुण ५ टक्क्यांनी जास्त, तिथल्या घराला लोक सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं निघालं. पण तिथली शाळा सरकारी आहे भाऊ, फुकट आहे, आणि पत्ता हाच तिथला प्रवेश. घर घेतलं की बाक मिळालाच. तुमच्या पाच मिनिटांवरच्या शाळेत पत्त्याला कोण विचारतं? फी भरा आणि खुशाल झरी जामणीहून या. म्हणजे प्लॉटचे पैसे वेगळे, डोनेशनला दुसरं कोणतंही गोंडस नाव देऊन घेतलेले वेगळे, बसचे वेगळे. अमेरिकेतला माणूस शाळेचे पैसे घरात एकदा भरतो. आपला माणूस ते घरात भरतो आणि शाळेतही भरतो.

मग तुम्ही विकता काय? मला वाटतं, शेजार विकता. साडेसातच्या बससाठी कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या आया, त्यांच्यातच ठरणारी शिकवणीची बाई, एकसारखे गणवेश. तुमचे पहिले दहा ग्राहक कोण असतात, आठवून बघा. एखादा कृषी सेवा केंद्रवाला, एक-दोन बँकवाले, वीज कंपनीतला एखादा, आणि उरलेले शिक्षक. जिल्हा परिषदेचे, पगार नियमित, बँक लोन बिनबोभाट. सकाळी ते अप-डाऊन करत गावच्या शाळेत शिकवायला जातात, त्याच वेळी त्यांची पोरं पिवळ्या बसमध्ये चढून उलट्या दिशेला जातात. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव फायलीत, आणि माणूस तुमच्या पूर्वमुखी प्लॉटवर. गावच्या शाळेत काय शिकवलं जातं हे ज्यांना सगळ्यांत नीट ठाऊक, त्यांनीच तुमचा भाव ठरवला. याहून मोठं प्रमाणपत्र कोणत्या मूल्यमापन समितीनं दिलं असतं?

पत्त्याला आपल्याकडे अगदीच किंमत नाही असं मात्र नाही. ती आहे, फक्त तुमच्या गिऱ्हाइकासाठी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलं तर आधी नंबर लागतो. आर्थिक दुर्बल गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. एक लाखवाला तुमचा प्लॉट घेणार नाही हे तुम्हालाही कळतं, मलाही. तो तुमच्या ले-आऊटमधल्या कोणाच्या तरी गच्चीवरची खोली शोधतो आणि नोंदणीकृत भाडेकरारासाठी घरमालकाच्या विनवण्या करतो. नोंदणी म्हटली की घरमालकाच्या कपाळावर आठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियमच बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. तेवढ्या काळात ती कौलारू शाळा कुणाच्या तरी नकाशावर आली होती खरी. दुसऱ्या शाळेचं दार लावून घ्यायला.

नवोदयची गंमत तर तुम्ही फ्लेक्सवर टाकायला हवी होती. घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याच्या नवोदयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवी. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ग्रामपंचायतीत होते तोवर तिथला मुलगा ग्रामीण. नगरपालिकेची हद्द वाढली, तुमचे भाव वधारले आणि मुलगा एका अधिसूचनेत शहरी झाला. पुढचा ले-आऊट हद्दीच्या दोन शेतं पलीकडे टाका आणि लिहा : 'शहराच्या सुविधा, खेड्याचा कोटा.' कल्पनेचे पैसे मागत नाही.

आणि तुमचा माल शेवटपर्यंत टिकतो का, हेही बघून ठेवा. दहावी झाली की पुसद-उमरखेडची पोरं नांदेडला, लातूरला निघतात. लातुरात तर एका भागाचं नावच 'ट्यूशन एरिया' पडलंय. बाप शेतीवर, आई पोराबरोबर एका खोलीत, गॅस शेगडी नि पुस्तकांचा ढीग. भाड्याचं घर शोधताना तिथं पाण्याआधी क्लासचं अंतर विचारतात. ज्यानं तुमच्याकडे दहा वर्षांचं कर्ज काढून शाळेशेजारी घर बांधलं, तो अकरावीला दुसऱ्या गावी भाडं भरतो आणि इकडं हप्ता.

एक उदाहरण मात्र तुमच्या उपयोगाचं आहे. सेऊलमध्ये हान नदीच्या दक्षिणेला गंगनम म्हणून भाग आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तिथं शेतंच होती, राहायला जायला कोणी राजी नव्हतं. सरकारनं जुन्या शहरातल्या नावाजलेल्या शाळाच उचलून तिकडे नेल्या. क्यंगी हायस्कूल १९७६ मध्ये गेलं. मागोमाग आईबाप गेले, आईबापांमागे भाव. आज तिथं घर घेणं भल्याभल्यांना झेपत नाही. तुमची युक्ती हीच, फक्त त्या लोकांना शाळा खरोखर हलवावी लागली. तुम्ही हिरव्या रंगावर भागवलंत.

याच हिशेबानं एक व्यवहाराची गोष्ट. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची शाळा जिल्हा परिषदेचीच, पण तिथं प्रवेशासाठी बाहेरगावचे पालक रांगा लावू लागले. म्हणजे फुकटच्या शाळेनंही मागणी वाढते. तुमच्या कुंपणाला लागून आहे तिला दोन चांगल्या खोल्या बांधून द्या, पडवीला फरशी घाला, मुरूम टाकून रस्ता करा. तुमच्या कमानीवरच्या त्या दोन सिमेंटच्या हत्तींपेक्षा स्वस्तात होईल. मग नकाशातल्या पांढऱ्या कागदावर तिचं नाव छापा आणि खुशाल भाव वाढवा; त्या वाढलेल्या भावाबद्दल मी तरी तक्रार करणार नाही. अडचण एकच : त्या शाळेत शिकवणारे गुरुजी तुमच्या फेज-वनमध्ये राहतात, आणि त्यांची मुलं तिथं जातील की नाही हे फेज-टूचे लोक आधी विचारतील.

सुनेला प्लॉट आवडला आहे. मुलगा इसार द्यायच्या बेतात आहे. त्याआधी दोन बाबींचा लेखी खुलासा व्हावा. पहिली, ले-आऊटमध्ये जी १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, तीच तर त्या हिरव्या चौकोनात मोजलेली नाही ना? आणि दुसरी, मोठ्या संस्थेसोबतचं बोलणं फिसकटलं तर त्या चौकोनाचेही प्लॉट पडतीलच. पडले, तर त्यातला कॉर्नरचा आमच्या नावानं ठेवावा, आणि शाळा नसल्यानं जो काही भाव उतरेल तो धरून.

कळावे,
आपला,
मागच्या सीटवरचा काकाजी