छाती तिची, पंचायत गावाची

२०१८च्या सुरुवातीला तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात स्तनांचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया मोफत द्यायला सुरुवात केली. गरिबांना सौंदर्योपचार का मिळू नयेत, असा आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांचा सवाल होता. सरकारी पैसा आधी जीव वाचवायला वापरा, असं टीकाकारांचं उत्तर होतं. भांडण वरवर तिजोरीचं होतं. त्याच्या पोटातलं भांडण जुनंच होतं: हे ऑपरेशन मागायचा हक्क कुठल्या बाईला?

आपण बायकांच्या दोन रांगा लावतो. कॅन्सरने स्तन गेला आणि तिने पुन्हा घडवून घेतला, तर ती बिचारी. धडधाकट बाईने तेच केलं, तर ती नखरेल. छातीत बसवायची इम्प्लांटची पिशवी तीच, सिलिकॉन तेच, भूल तीच. एकीला सहानुभूती आणि दुसरीला टोमणे.

अमेरिकेने तर ही वाटणी सरकारी आदेशातच करून टाकली. १९९२ साली तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून सिलिकॉन जेलचे इम्प्लांट रोखले. पण कॅन्सरनंतर स्तन घडवून घेणाऱ्यांना, देखरेखीखाली, ते मिळत राहिले. जी वस्तू धडधाकट बाईच्या छातीत घालण्याइतकी भरवशाची नव्हती, ती कॅन्सरमधून उठलेल्या बाईला चालत होती. बंदी उठली २००६ साली. गरज कुणाची खरी आणि हौस कुणाची, हे ठरवायचं काम त्या १४ वर्षांत बाईकडे नव्हतंच.

अँजेलिना जोलीने २०१३ साली वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं, की बीआरसीए१ जनुकातल्या दोषामुळे कॅन्सरचा धोका मोठा होता, म्हणून दोन्ही स्तन काढले आणि इम्प्लांट बसवून ते पुन्हा घडवून घेतले. जगाने तिला सलाम केला आणि तो योग्यच होता. आपल्या मुंबईची राखी सावंत ‘कॉफी विथ करण’मध्ये बसून म्हणाली, की देव जे देत नाही ते डॉक्टर देतो. तिच्या वाट्याला टवाळी आली, ती अजून सुरू आहे. दोघींची कारणं वेगळी, मान्य. पण दोघींनी आपल्या शरीराचा निर्णय स्वतः घेतला आणि चारचौघांत सांगितला. लपवाछपवी करणाऱ्या समाजात यालाही धैर्य लागतं. राखीला ते श्रेय आपण कधी दिलं नाही.

आता तिसरी बाई. ऑड्रे लॉर्ड, अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री. १९७८ साली कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला. खोटा स्तन लावायला तिने नकार दिला. तपासणीला गेली, तेव्हा नर्सने सुनावलं, की असं आलात तर इथल्या बाकीच्या पेशंटचं मनोबल खचतं. १९८०च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये लॉर्डने याचा हिशेब चुकता केला. इस्रायलचा सेनानी मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी लावून जगभर हिंडतो, त्याला कुणी काचेचा डोळा बसव म्हणत नाही. मग माझ्याच छातीवर पडदा कशाला, हा तिचा मुद्दा. या प्रश्नाला आजही कुणाकडे सरळ उत्तर नाही. पुरुषाची जखम शौर्याची खूण ठरते आणि बाईची जखम झाकून ठेवायची असते.

गंमत म्हणून स्तनांचं ऑपरेशन कुणी करून घेत नाही. दोन स्तनांत मोठा फरक असलेली मुलगी कॉलेजात ओढणी घट्ट धरून बसते. दोन बाळंतपणांनंतर आरशातली स्वतः ओळखू न येणारी बाई असते. पुरुषाचा देह घेऊन जन्मलेली ट्रान्स स्त्री असते. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पदर दोन्ही बाजूंनी नीट बसावा, एवढंच मागणारी काकू असते. आणि पुन्हा सुरी नको, बास झालं, म्हणणारीही असते. मुंबईत काही स्वयंसेविका सुती धाग्याचे हलके स्तन विणून कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना फुकट देतात. ब्लाउजमध्ये ठेवायचे, नको वाटलं की काढायचे. काहींना तेवढं पुरतं. काहींना तेही नको असतं. यातली एकही बाई दुसरीपेक्षा कमी शहाणी नाही.

माझा राग बायकांच्या मतांवर नाहीच. तो आहे त्यांना अर्धवट सांगणाऱ्यांवर.

सुरुवातच बघा. १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या धर्मादाय रुग्णालयात टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई छातीवरचं गोंदण काढायला गेली. डॉक्टर थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी तिला नव्या सिलिकॉन इम्प्लांटसाठी विचारलं. तिला खरं तर कान नीट करून हवे होते. तेही करून देतो म्हटल्यावर ती तयार झाली. सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली ती जगातली पहिली बाई. जिला कान हवे होते, तिच्या छातीपासून हा धंदा सुरू झाला.

त्यानंतर काय काय झालं? फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने खर्च वाचवायला वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० साली ते इम्प्लांट बाजारातून काढावे लागले, पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारने सुमारे ३०,००० बायकांना ते काढून घ्यायचा सल्ला दिला आणि २०१३ साली कंपनीचा संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला ४ वर्षांची शिक्षा झाली. २०१९ साली ॲलर्गन कंपनीला खरबरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घ्यावे लागले, कारण त्यांच्याशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा संबंध दिसला. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे. तो रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं त्यात आढळणारा.

दोन्ही वेळा किंमत मोजली ती बायकांनी. इम्प्लांट बसवल्यापासून अंग दुखतं, थकवा जात नाही, डोकं चालेनासं होतं, असं कित्येक जणी वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्यांना मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलं गेलं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएने चौकटीतला ठळक इशारा सक्तीचा केला आणि त्यात या तक्रारींचा उल्लेख आला. नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही, पण इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं, हेही त्या यंत्रणेने नोंदवलं.

म्हणून ऑपरेशनच्या आधी प्रत्येक बाईला, हौशी असो की कॅन्सरमधून उठलेली, हे सगळं मराठीत, सावकाश, सांगितलंच पाहिजे. इम्प्लांट पाटल्यांसारखे आयुष्यभरासाठी नसतात. आकार वाढवण्यासाठी बसवलेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ते ८ ते १० वर्षांत काढावे लागतात, असं एफडीए सांगते. भोवतीचं आवरण आवळलं तर छाती घट्ट होते, दुखते. सिलिकॉनची पिशवी आत फाटली तरी कळत नाही, म्हणून ५-६ वर्षांनी पहिली आणि पुढे दर २-३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी लागते. मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं, नाहीतर पिशवीआड गाठ लपू शकते. अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. पॅकेजच्या आकड्यात पुढच्या तपासण्या आणि दुसरं ऑपरेशन धरलेलं नसेल, तर तो आकडा खोटा आहे.

आणि कॅन्सरच्या पेशंटला आणखी एक गोष्ट सांगा. छाती नीट, सपाट शिवून देणं हाही पर्याय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० साली त्याला आपल्या शब्दकोशात जागा दिली. ‘पुढे मन बदललं तर’ म्हणून तिला न विचारता कातडीच्या घड्या ठेवून देणं ही काळजी नव्हे, तो तिच्या शब्दाचा अपमान आहे. आपल्याकडच्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे, पण कॅन्सर, भाजणं किंवा अपघात यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यात अपवाद आहे. ही ओळ किती घरांत वाचली जाते? दवाखान्यातल्या बिलिंगच्या खिडकीवर ती मोठ्या अक्षरांत लावा.

ब्रिटनने पीआयपीचा धडा घेऊन २०१६ साली इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. माल सदोष निघाला तर कुठल्या बाईला बोलवायचं, हे त्यातून कळतं. अशी नोंद आपल्या प्रत्येक बाईची झाली पाहिजे, मग तिने ऑपरेशन सरकारी रुग्णालयात केलेलं असो की चकचकीत क्लिनिकात. तोवर बायांनो, एवढं करा. इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका. संमतीपत्र ऑपरेशनच्या दिवशी सही करायला समोर आलं, तर घरी नेऊन वाचते म्हणा. घाई करणाऱ्या डॉक्टरकडून उठून या. नवरा, सासू, मैत्रीण सगळ्यांचं ऐका, पण सही तुमची आहे. तुमच्या ‘हो’ला कुणाची परवानगी लागत नाही आणि ‘नको’ला कारण द्यावं लागत नाही.