विषय : एलओआरबाबत (शिफारसपत्राबाबत) पुन्हा एकदा सविनय आठवण

आदरणीय विभागप्रमुख सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र जाहीर लिहितो आहे, कारण छापलेलं आपण वाचता असं ऐकून आहे.

डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावरचं आपलं 'ईमेल कसा लिहावा' हे पत्रक मला शिरोधार्य आहे. विषयाचा रकाना रिकामा नको, 'हाय सर' नको, शेवटी पूर्ण नाव, रोल नंबर, डिव्हिजन. आमची तयारी तशी शाळेतच झाली होती. दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्र ईमेलच्या नमुन्यात लिहायचं असतं. तेही पेनानं, उत्तरपत्रिकेवर, काल्पनिक मेल आयडी घालून. त्याला उत्तर येत नाही, फक्त मार्क मिळतात. पुढच्या आयुष्याची इतकी अचूक तालीम दुसऱ्या कुठल्या धड्यानं दिली नाही.

त्याच शिस्तीत मी एलओआरसाठी मेल केला. आधी आपली प्रकृती, मग आपलं मार्गदर्शन, मग आपल्या मौल्यवान वेळेबद्दल आगाऊ क्षमा. विनंती चौथ्या परिच्छेदात होती. तिथवर आपण पोचला नसाल. उत्तर आलं 'ओके', खाली 'सेंट फ्रॉम माय आयफोन'. ना संबोधन, ना नाव. पण पत्रक विद्यार्थ्यांसाठी होतं, हे मी विसरलो नाही.

खुलासा शिपाईमामांनी केला : एलओआर ज्याचं त्यानंच लिहून आणायचं असतं. मग रात्री बसून आपल्या आवाजात माझी स्तुती केली. मेलमध्ये मी आपला आज्ञाधारक. सोबतच्या वर्ड फाइलमध्ये आपल्या कारकिर्दीतल्या पहिल्या पाच टक्के विद्यार्थ्यांत. वर्गात आपण मला 'ए चष्मा' म्हणता. फाइलमध्ये मात्र जवळून ओळखता.

अडचण परदेशी विद्यापीठांची आहे. ती शिफारस करणाऱ्यालाच थेट लिंक पाठवतात, आणि अनेकांना त्यासाठी कॉलेजचाच मेल आयडी लागतो. आपला तो इनबॉक्स लॅब असिस्टंट उघडतो, तोही नॅकचं मूल्यांकन असेल तर.

आता आठवण कशी करावी, यावर पत्रक गप्प आहे. व्हॉट्सॲप केला की दोन निळ्या खुणा, मग 'मेल करा'. केबिनबाहेर उभं राहिलं की 'आधी मेल टाक'. रात्री पाठवला तर उद्धटपणा; म्हणून शेड्यूल करून सकाळी साडेदहाला पाठवतो, तेव्हा आपलं लेक्चर असतं. एका सीनियरनं प्राचार्यांना सीसीत घेऊन आठवण केली होती. त्याला उत्तर लगेच आलं. इंटर्नलचे मार्क नंतर आले.

तासिका तत्त्वावरच्या मॅडम मात्र त्याच दिवशी उत्तर देतात, माझ्या नावानं सुरुवात करून, चुका दुरुस्त करून, खाली स्वतःचं नाव लिहून. पण शिफारशीच्या फॉर्मात पदाचा रकाना असतो, आणि तिथे वजन आपलंच पडतं.

मुदत 15 डिसेंबर, न्यूयॉर्कच्या घड्याळानं रात्री 11.59. आपल्याकडे 16 तारखेची सकाळ, साडेदहाला एक मिनिट कमी. म्हणजे पुन्हा आपलं लेक्चरच. फाइल परत जोडली आहे. 'संवादकौशल्य' या रकान्यात आपल्या वतीनं 'उत्कृष्ट' लिहिलं आहे. अतिशयोक्ती वाटल्यास एक श्रेणी खाली आणावी, पण सबमिट करावं.

आपला आज्ञाधारक,
अ. ब. क.
अंतिम वर्ष, डिव्हिजन बी