ब्लूबेरी निरोगी आहे

जून 2022 मध्ये वऱ्हाडानं एक जागतिक विक्रम केला. राष्ट्रीय महामार्ग 53 वर, अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या माना गावापर्यंत, 75 किलोमीटरची डांबराची पट्टी 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरली गेली. 720 माणसं राबली, गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा आधीचा विक्रम मोडला. कौतुकाची सवय नसल्यानं आम्ही आधी बिचकलो आणि मग आकडेमोडीला बसलो. तेव्हा कळलं की 75 किलोमीटर ही एका पदराची लांबी. दुपदरी रस्ता म्हणून मोजला तर साडेसदतीस. आकडा दोन्हीकडून खराच. टेप कोणत्या बाजूनं धरायचा, एवढंच ठरवायचं होतं.

माझा भाचा याच रस्त्यानं मूर्तिजापूरकडून अमरावतीला येतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेत. कॉलेजचं नाव सांगत नाही, बहिणीशी संबंध टिकवायचे आहेत. त्याच्या मते गिनीजवाल्यांनी रस्त्यावर उगाच वेळ घालवला. मागच्या वर्षी त्याच्या होस्टेलातल्या चार सीनियर्सनी वर्षभराचा मेजर प्रोजेक्ट रात्री नऊला सुरू करून सकाळी सहाला संपवला. त्यात चहाच्या दोन फेऱ्या आणि एक भांडण धरलेलं आहे. आठला झेरॉक्सवाल्याचं शटर उघडलं, दहाला अहवालाच्या काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटली, अकराला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. "मामाजी, रस्त्याले 720 माणसं लागले. इथं चारच होते. त्यातला एक तं झोपलाच होता."

ऑगस्टमध्ये हा भाचा माझ्याकडे विषय मागायला आला. पेपरात लिहिणाऱ्याकडे विषय पडलेलेच असतात, असा त्याचा समज. मी म्हटलं, "खिडकीतून बाहेर बघ. तुमच्या गावात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. कापूस वेचायला माणूस मिळत नाही. काळ्या मातीत बांधलेल्या घराच्या भिंती दर उन्हाळ्यात तडकतात. विषयच विषय आहेत."

"असे विषय नाही चालत, मामाजी. बेस पेपर लागते."

बेस पेपर म्हणजे काय, हे त्यानं मला समजावून सांगितलं. आपल्याला जे करायचं ते कोणीतरी आधी केलेलं पाहिजे, शक्यतो परदेशात, आणि छापलेलं पाहिजे. मग आपण ते पुन्हा करायचं. जे कोणी केलेलंच नाही, ते करता येत नाही. का? तर ते कोणी केलेलं नाही म्हणून. मी दोनदा विचारून घेतलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

मग त्यानं सीनियर्सची यादी काढली. वऱ्हाडात लग्नपत्रिकेचा मजकूर ठरलेला असतो, तसं प्रोजेक्टचं शीर्षकही ठरलेलं असतं. सुरुवातीला 'स्मार्ट', मध्ये 'आयओटी बेस्ड', शेवटी 'यूजिंग मशीन लर्निंग'. मधल्या जागेत वर-वधूंची नावं घालायची. स्मार्ट हेल्मेट, स्मार्ट काठी, स्मार्ट कचरापेटी. चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्रही यादीत होतं. ते तयार करणाऱ्या चौघांचे चेहरे वर्गात कोणी ओळखत नव्हतं, एवढीच त्यात अडचण होती.

यादीत सगळ्यात वर होती स्मार्ट सिंचन प्रणाली. कोणत्याही प्रदर्शनात जा, ती भेटतेच. एक कुंडी, कुंडीत मनीप्लँट, मातीत खोचलेला सेन्सर, शेजारी बादलीत माशांच्या टाकीची मोटार. माती सुकली की मोटार सुरू. टाळ्या. आता ही कुंडी उचलून पूर्णेच्या खोऱ्यात नेऊ. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला खारपाणपट्टा तो. तिथल्या जमिनीत क्षार आहेत. प्रोजेक्टमधला तो स्वस्त सेन्सर ओलावा मोजत नाही, मातीतून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज करतो. खारट मातीतून वीज तशीही बरी वाहते. म्हणजे पीक माना टाकत असताना मोबाइलवर संदेश येणार, 'ओलावा पुरेसा आहे.' कृषिपंपाची लाइट रात्री येणार, तो भाग वेगळा. खारपाणपट्ट्यात हा सेन्सर कसा फसतो, एवढाच एक प्रोजेक्ट कोणी केला असता तर मी स्वतः बाइंडिंगचे पैसे दिले असते. पण त्याला बेस पेपर कुठून आणणार?

सिव्हिलवाल्यांची गोष्ट जरा बरी. त्यांचा आवडता विषय तरी अस्सल वऱ्हाडी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि आपल्यावरच्या घराला दोन्ही ऋतूंत झोपू देत नाही. तिच्यात औष्णिक केंद्राची राख मिसळून तिला स्थिर करायचं. राख पारसला आहे, माती सगळीकडे आहे. मिसळायचं प्रमाणही मागच्या वर्षीच्या ब्लॅक बुकात, म्हणजे त्या काळ्या रेक्झिनच्या अहवालात, आहे. त्यामुळे ही माती दरवर्षी एप्रिलात प्रयोगशाळेत स्थिर होते आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला पुन्हा हलते.

या सगळ्या प्रोजेक्टांचं मूळ शोधायला गेलं की 1983 साल लागतं. अमरावतीत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1964 पासून होतंच. 1983 मध्ये कपिलदेवनं लॉर्ड्सवरून कप आणला आणि वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांचं दार उघडलं. त्याच वर्षी 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी बडनेरा, अकोला, शेगाव इथं इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली. पुण्या-मुंबईला जाणं न परवडणारी कास्तकारांची पोरं इंजिनिअर झाली. ही गोष्ट लहान नाही, तिची थट्टा मी करणार नाही. फक्त एवढंच झालं की पोरगं घराजवळ शिकायला आलं आणि शिक्षण मात्र घरापासून लांबच राहिलं.

किती लांब, ते ऐका. भाच्याच्या वर्गातल्या एका गटानं हृदयरोगाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर केलं. ज्या हृदयांवर ते शिकलं ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, 303 रुग्णांची, 1980 च्या दशकातली. दुसऱ्या गटानं घरांच्या किमतीचा अंदाज बांधला. घरं बोस्टनची, 506 नोंदी, 1970 च्या दशकातल्या. अकोल्यात प्लॉट काय भावानं जातो हे त्यांच्यातल्या एकाच्या बापाला तोंडपाठ होतं, पण ती माहिती डाउनलोड करता येत नव्हती.

भाच्यानं शेवटी शेतीचा विषय घेतला, म्हणून मला बरं वाटलं. पिकाच्या पानाचा फोटो काढायचा, मशीन रोग सांगणार. यासाठी 'प्लांटव्हिलेज' नावाचा फोटोंचा संच फुकट मिळतो. 54,306 फोटो, 14 पिकं, 38 प्रकार. 2016 मध्ये या संचावर मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी 99.35 टक्के अचूकता मिळवली होती. बेस पेपर सापडला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

मी पिकांची यादी मागितली. सफरचंद आहे, चेरी आहे, रास्पबेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे, ब्लूबेरी आहे. कापूस नाही. तूर नाही. सोयाबीन आहे, पण एकाच प्रकारचं, निरोगी. संत्रा आहे, तोही एकाच प्रकारचा, रोगट. म्हणजे वरूड-मोर्शीचा कोणताही संत्रा दाखवा, तो आजारी निघणार. दर्यापूरचं कोणतंही सोयाबीन दाखवा, ते ठणठणीत निघणार. सोयाबीनच्या बाबतीत हे मशीन पीकविमावाल्यांच्या फार कामाचं आहे.

दिवाळीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाच्यानं ॲप दाखवायला काढलं. भाऊजी वावरातून नुकतेच आले होते, हातात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक पान होतं. कडेनं लाल झालेलं. लाल्या. भाच्यानं फोटो काढला. गोल फिरलं, फिरलं आणि हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, 'ब्लूबेरी, निरोगी. खात्री 97 टक्के.'

भाऊजींनी चष्मा लावून ते वाचलं. पानाकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"हे ब्लूबेरी कुठं पिकते बे?"

"अमेरिकेत, बाबा."

"मंग त्याइले पाठव ना हे. माह्या वावरात काहून आणलं?"

"बाबा, अचूकता चांगली हाय याची. नव्याण्णव टक्के."

"हाव. नव्याण्णव टक्के बरोबर हाय, फक्त पऱ्हाटीले ब्लूबेरी म्हणून राह्यलं." भाऊजींनी चष्मा काढला. "निरोगी हाय म्हणते तं मंग फवारा कायले मारू? औषधाचे पैसे तरी वाचले."

भाच्याला राग आला, पण चूक त्याची नव्हती. मशीनला चौदाच पिकं माहीत आहेत, पंधराव्या पिकाचं पान दाखवलं तर ते चौदांतलंच एक नाव सांगणार. 'माहीत नाही' म्हणायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही. या बाबतीत ते पूर्णपणे आपल्याच शिक्षणपद्धतीत तयार झालेलं आहे. व्हायवात गप्प राहू नये, काहीतरी ठोकून द्यावं, हा धडा आम्हालाही पहिल्याच वर्षी मिळतो.

बरं, ते 99.35 टक्के जिथं छापले होते, त्याच पेपरात पुढे हेही छापलेलं होतं की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अचूकता 31 टक्क्यांच्या जरा वर येते. भाच्यानं ते पान वाचलं नव्हतं. सारांशानंतर बेस पेपर वाचायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्टनंतर पेपर. तो छापावा लागतो, कारण गाइडनाही गुण लागतात. पैसे भरले की तीन दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात स्वीकार, सोबत चौघांना चार रंगीत प्रमाणपत्रं. प्रबंधातला मजकूर उचललेला असला तर काय, याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये केले. ते मला आमच्या पैसेवारीसारखे वाटतात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर माफ. दहाच्या वर चाळीसपर्यंत, सहा महिन्यांत दुरुस्त करून आणा. चाळीसच्या वर साठपर्यंत, एक वर्ष बंदी. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. दुष्काळ जाहीर व्हावा, यासाठी पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत यावी म्हणून गावं झटतात, तशी इथं साम्य दहाच्या आत यावं म्हणून पोरं झटतात. दोन्हीकडे पीक तेच असतं, कागद बदलतो.

साम्य उतरवायला शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधले गियोम काबानाक आणि त्यांचे सहकारी 2021 मध्ये असे छळलेले शब्द गोळा करत होते, तेव्हा त्यांना 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' छापलेलं सापडलं. खोट्या नोटेसारखी खोटी जाणीव. उद्या 'ब्लॅक कॉटन सॉइल'चं 'डार्क फॅब्रिक डर्ट' झालं आणि कोणा एक्सटर्नलनं त्यावर सही केली, तर आपली काळी कसदार माती कपड्यावरचा मळ म्हणून जगभर जाईल.

वऱ्हाडात कोणी घरचा विषय घेतलाच नाही, असंही नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळमिल केली. तूर आपली, भरडायची गरज आपली, गावातल्या बचत गटाला झेपेल एवढं यंत्र. तिच्या नावात 'स्मार्ट' नाही. तरी ती डाळ करते.

आणि आमच्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्यांचं काय? गाडगेबाबा जन्मले शेंडगावला, वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, याच खारपाणपट्ट्यात. शाळेचा संबंध नाही. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठावर माणसं चिखलात घसरताना दिसली, म्हणून त्यांनी तिथं घाटाचं काम उभं केलं. सिनॉप्सिस नव्हता, गाइड नव्हता, बेस पेपर तर नव्हताच. माणसं घसरत होती, एवढा एकच संदर्भ होता. कीर्तनातही ते लोकांना प्रश्न विचारत सुटायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. असा एक्सटर्नल एखाद्या सकाळी अकरा वाजता सोनेरी अक्षरांच्या ढिगापुढे येऊन बसला, तर किती ब्लॅक बुकं टिकतील आणि किती खराट्याखाली जातील, हे मी विचारत नाही. 20 डिसेंबर जवळ आला आहे. पुण्यतिथीला सगळे हार घालतील.

दिवाळीनंतर भाऊजींनी एक नवा उद्योग काढला. रोज सकाळी धुऱ्यावरून भाच्याला व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो. खाली मजकूर एकच, 'हे भी ब्लूबेरीच काय?' पहिले आठ दिवस भाचा चिडला. नवव्या दिवशी त्यानं फोटोंचं एक फोल्डर केलं. मग बापाला फोन करून विचारलं, यातलं लाल्या कोणतं, तुडतुड्यानं लाल झालेलं कोणतं, आणि नुसतं म्हातारं झालेलं पान कोणतं. भाऊजींनी एकेक करून सांगितलं. दोघांत एवढं बोलणं दहावीनंतर पहिल्यांदा झालं, असं बहीण म्हणते.

आता फोल्डरमध्ये दीड हजारावर पानं आहेत, सगळी पऱ्हाटीची. परवा ती घेऊन भाचा गाइडकडे गेला. गाइड माणूस चांगला आहे. त्यांनी सगळे फोटो पाहिले, दोन पानांवर बोट ठेवून थांबलेही. त्यांच्याही घरी पऱ्हाटी आहे. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. चौथा रकाना रिकामा होता, बेस पेपर. तो भरल्याशिवाय वर सही होत नाही.

काल रात्री भाच्याचा फोन आला.

"मामाजी, वावराचा संदर्भ कसा लिहितात?"

मी म्हटलं, सातबारा काढ. लेखकाच्या जागी बापाचं नाव घाल, शीर्षकाच्या जागी गट नंबर, प्रकाशक तलाठी, वर्ष यंदाचं. पान क्रमांक विचारला तर म्हणावं, दीड हजार पानं आहेत, कोणतं पाहिजे?